नवी भाषा, नवं काम: निर्वासितांच्या भाषाशिक्षणाचं फळ कधी मोजायचं?

पांथस्थ

निर्वासितांचा विषय निघाला की फार वेळ न जाता एक आकडा पुढे येतो. अमुक इतके आले, त्यातले कामाला एवढेच लागले. मग त्या आकड्यावरून भाषावर्गांवरचा खर्च सत्कारणी लागला की वाया गेला, याचा निवाडा होतो. माझं मत असं की हा निवाडा फार लवकर केला जातो. नवी भाषा शिकल्याचा पैसा हातात पडायला वर्षं जातात. पहिली दोन वर्षं मोजाल तर भाषावर्ग तोट्यातच दिसणार, कारण ती दोन वर्षं माणूस वर्गात बसलेला असतो.

हे नुसतं वाटणं नाही. डेन्मार्कमध्ये १ जानेवारी १९९९ पासून नवा कायदा आला. त्या तारखेनंतर ज्यांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, त्यांना आधीच्यांपेक्षा सुमारे ४३० तास जास्त डॅनिश शिकवायचं ठरलं. म्हणजे एकाला डिसेंबरात कागद मिळाला, दुसऱ्याला जानेवारीत. दोघं एकाच युद्धातून आलेले, वय आणि शिक्षणही साधारण सारखं, फरक फक्त तारखेचा. अभ्यासकांना अशी तुलना क्वचितच मिळते. अर्थतज्ज्ञ मेटे फोगेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गटांचा जवळजवळ अठरा वर्षं मागोवा घेतला. वर्ग चालू होते तोवर कमाईत विशेष फरक नव्हता. वर्ग संपले आणि तफावत दिसू लागली, ती पुढे टिकली. जास्त तास शिकलेले लोक नंतर आणखी शिक्षण घेताना दिसले आणि ज्या कामांत बोलावं-लिहावं लागतं अशा कामांत शिरले. त्यांच्या मुलांची शाळाही जास्त प्रमाणात पूर्ण झाली. त्याच कायद्याने नव्या लोकांचा भत्ता काही काळ कापला होता. त्या कपातीने कमाई वाढल्याचं मात्र दिसलं नाही.

फिनलंडनेही १९९९ मध्येच प्रत्येक बेरोजगार स्थलांतरितासाठी वेगळी योजना आखायला सुरुवात केली. प्रशिक्षणाचे एकूण तास फार वाढवले नाहीत. "अर्ज कसा लिहावा" छापाचे वर्ग कमी केले आणि भाषेसारखे खास त्यांच्या गरजेचे वर्ग वाढवले. पुढच्या दहा वर्षांत त्या लोकांची एकूण कमाई योजनेबाहेर राहिलेल्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त भरली. इथेही दहा वर्षं थांबून मोजलं म्हणून हे कळलं.

या क्षेत्रात काम करणारे, शिकवणारे, दुभाषे कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

शर्वरी

चांगला विषय. मी जर्मनीत राहते आणि निर्वासितांच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून मदत करते, त्यामुळे मला दिसलेलं लिहिते.

२०१५ या एका वर्षात इथे सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले. त्यांच्यासाठी सरकारी चौकट होती ती २००५ पासूनची: ६०० तास भाषा आणि वर देशाचा कायदा, इतिहास, समाज यांचे काही तास, जे २०१६ पासून १०० झाले. तास म्हणजे ४५ मिनिटांचा. अपेक्षा अशी की एवढ्यात माणूस बी-१ पातळीला पोचावा. म्हणजे दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांशी आपलं म्हणणं मांडता यावं.

कागदावर हे ठीक वाटतं. वर्गात गेलं की कळतं की "निर्वासित" नावाचा एक विद्यार्थी नसतोच. एका बाकावर दमास्कसचा अभियंता, ज्याला इंग्रजी येतं, त्यामुळे रोमन लिपी नवी नाही. शेजारी शाळेचं तोंडही न पाहिलेला तरुण. त्याला आधी पेन धरणं, ओळीवर लिहिणं, अक्षर आणि उच्चाराची जोडी लावणं शिकायचं आहे, आणि तेही परक्या भाषेत. त्याच्यासाठी वेगळा साक्षरता अभ्यासक्रम आहे, त्याचे तासही जास्त आहेत. तरी तो बी-१ पर्यंत पोचला नाही की हिशेबात "नापास" म्हणून लागतो. मला हे मनापासून खटकतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव आणि पत्ता लिहू शकणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला आपण नापास म्हणतो!

आणखी एक. कोर्सला बसायला कुणाला मिळतं हेही महत्त्वाचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम सैल झाला आणि अर्जाचा निकाल लागण्याआधीच वर्गाला बसायची मुभा मिळाली. पण ती ज्यांना राहू दिलं जाण्याची शक्यता जास्त अशा देशांतल्या लोकांना, म्हणजे सीरिया, इराक, इराण, इरिट्रिया. अफगाण त्यात नव्हते. कितीतरी अफगाण मुलं निकालाची वाट बघत खोलीत बसून राहिली. ज्या वयात भाषा झटकन येते ते वय तसंच निघून गेलं.

निशाद

पांथस्थ, तुमचा मुद्दा समजला, पण मला क्रम उलटा वाटतो. भाषा दुय्यम, आधी कायदा.

बांगलादेशात कॉक्स बझारला जे रोहिंग्या आहेत त्यांची बोली चितगावच्या बोलीला इतकी जवळची आहे की रोजचं बोलणं सहज समजतं. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर लोक तिथे आले. भाषेचा अडसर जगात सगळ्यात कमी असलेल्या निर्वासितांत त्यांची गणना व्हावी. पण त्यांना छावणीबाहेर रीतसर काम करायची परवानगी नाही. मग त्या भाषेचं करायचं काय? चोरून मजुरी करायची आणि देतील ते घ्यायचं.

जॉर्डनमधले सीरियन घ्या. दोन्हीकडे अरबी. २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत जॉर्डनने सीरियनांसाठी दोन लाख रोजगारसंधी उघडण्याचं आश्वासन दिलं. पण परवाने मुख्यतः शेती, बांधकाम, कारखाने अशा कामांचे. डॉक्टरी, अभियांत्रिकी, शिक्षकी हे पेशे बंदच. अस्खलित अरबी बोलणारा शिक्षक टोमॅटो तोडतो.

याउलट कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांची राहण्याची आणि काम करण्याची मुभा दिली. भाषा एकच, स्पॅनिश, आणि कायदाही बाजूने. तिथेही पदव्यांना मान्यता मिळणं कठीण आहे, बरेच लोक बिनकागदी कामातच आहेत, तरी निदान दार उघडं आहे.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारात सतरावं कलम मजुरीच्या कामाबद्दलच आहे. सही करणाऱ्या देशांनीही त्यावर हवे तितके अपवाद नोंदवून ठेवले. भाषावर्गांची चर्चा करताना हे आधी बोलायला हवं.

पांथस्थ

निशाद, उदाहरणं अगदी नेमकी आहेत. कायदा बंद असेल तर भाषेला बाजारात किंमत नाही हे मान्य. पण त्याचाच पुढचा भाग असा की कायदा बंद असला की माणूस भाषा शिकतही नाही. बॅरी चिझविक आणि पॉल मिलर या अर्थतज्ज्ञांनी स्थलांतरित भाषा का शिकतात याची तीन कारणं मांडली: भाषा कानावर किती पडते, शिकायची क्षमता किती, आणि शिकून पदरात काय पडणार. तिसरं कारण कायद्याच्या हातात आहे. ज्याला उद्या परत पाठवतील की काय याची धास्ती आहे, तो नामाची तीन लिंगं कशाला पाठ करेल?

जर्मनीतलाच एक अभ्यास यावर आहे. युगोस्लाव्हियातून आलेल्या निर्वासितांपैकी १९९९ साली आलेल्यांना कामाच्या परवानगीसाठी २००० साली आलेल्यांपेक्षा सात महिने जास्त थांबावं लागलं. कारण मध्येच नियम बदलला. पाच वर्षांनी बघितलं तर जास्त थांबलेल्यांत नोकरीचं प्रमाण सुमारे २० टक्के-बिंदूंनी कमी! सात महिन्यांची बंदी, आणि तिची सावली कित्येक वर्षं. सक्तीने रिकामं बसवलं की माणसाची उमेदच जाते असं मला यातून दिसतं.

विश्वंभर

माझा पेशा आकडेवारीचा आहे, म्हणून एक सावधगिरी सांगतो. "भाषा येणाऱ्यांना नोकरी जास्त मिळते" या वाक्यातून फार काही सिद्ध होत नाही. ज्याला भाषा लवकर आली तो मुळातच शिकलेला, तरुण, जिद्दी असू शकतो. शिवाय नोकरी लागली की तिथे बोलून बोलून भाषा सुधारते, म्हणजे कारण आणि परिणाम दोन्हीकडून धावतात. त्यात बहुतेक पाहण्यांत "तुम्हाला भाषा किती येते?" हे त्या माणसालाच विचारतात. संकोची माणूस "थोडी" म्हणतो, बिनधास्त माणूस "उत्तम" म्हणतो.

म्हणून मला स्वित्झर्लंडचा दाखला आवडतो. तिथे जर्मन, फ्रेंच, इटालियन बोलणारे वेगवेगळे प्रांत आहेत आणि आश्रयार्थीला कुठल्या प्रांतात पाठवायचं हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. माणसाची पसंती विचारत नाहीत. फ्रेंच येणारा आफ्रिकन कधी जिनिव्हाला जातो, कधी झुरिकला. ज्यांच्या वाट्याला आपली भाषा चालणारा प्रांत आला त्यांना पहिल्या दोन वर्षांत काम मिळण्याची शक्यता ठळकपणे जास्त निघाली. इथे जिद्द, शिक्षण, स्वभाव यांचा संबंध नाही, नशिबाची चिठ्ठी आहे. म्हणजे भाषेचा स्वतःचा असा परिणाम आहे, हे पक्कं. चुकीच्या प्रांतात पडलेल्यांनी भाषेचा कोर्स केला तर त्यांचा तोटा कमी झाला, हेही त्यात दिसलं.

आता उलट बाजू. फ्रान्समध्ये सरकारी भाषावर्गांचा असाच काटेकोर अभ्यास झाला. वर्गाचे तास जास्त मिळालेले लोक कामाच्या शोधात जास्त संख्येने उतरले. पण त्यांचं फ्रेंच काही लक्षणीय सुधारल्याचं दिसलं नाही! अभ्यासकांचा निष्कर्ष असा की वर्गात भाषेबरोबर माहिती मिळते: कुठे अर्ज करायचा, कुठलं कार्यालय काय करतं, कोण कुठे कामाला आहे. खरा उपयोग त्याचा झाला असावा. त्यामुळे "भाषावर्ग लाभदायक" आणि "भाषा लाभदायक" ही दोन विधानं वेगळी ठेवावीत असं सुचवतो.

शर्वरी

@विश्वंभर, फ्रान्सचं वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्या वर्गात चहाच्या सुट्टीत जे बोलणं चालतं त्यात अर्ध्या नोकऱ्या ठरतात. कुणाचा तरी मेव्हणा गोदामात, तिथे माणसं हवी आहेत, असं.

मृण्मयी_द

मी रुग्णालयात काम करते, त्यामुळे वेगळ्या टोकाचं लिहिते. भाषेचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे मुळात कौशल्य कमी, त्याला भाषा न येताही मिळणारं काम आणि भाषा येऊन मिळणारं काम यांत फरक असतो, पण तो बेताचा. ज्याच्याकडे मोठं कौशल्य आहे त्याचं मात्र भाषेवाचून सगळंच अडतं. सर्जनचा हात तोच असतो, पण रुग्णाला "कुठे दुखतंय, कधीपासून, कुठलं औषध सोसत नाही" हे विचारून उत्तर समजत नसेल तर त्याला रुग्णाजवळ जाऊ देता येत नाही, आणि देऊही नये.

जर्मनीत परदेशी डॉक्टरला वैद्यकीय भाषेची सी-१ पातळीची (बी-१ च्या दोन पायऱ्या वरची) वेगळी परीक्षा द्यावी लागते. वीस मिनिटं रुग्णाशी बोलायचं, वीस मिनिटांत ते लिहून काढायचं, वीस मिनिटं वरिष्ठ डॉक्टरला ते प्रकरण समजावायचं. एका तासाची परीक्षा, पण तिच्या तयारीत वर्ष-दोन वर्षं जातात. त्यावर पदवीच्या मान्यतेची प्रक्रिया निराळी. या सगळ्यातून पार झालेले पाच हजारांहून जास्त सीरियन डॉक्टर आज तिथल्या रुग्णालयांत काम करतात. परदेशी डॉक्टरांमध्ये त्यांचा गट सर्वांत मोठा आहे, आणि लहान गावांतली कित्येक रुग्णालयं त्यांच्याशिवाय चालणार नाहीत.

पांथस्थ म्हणतात ते इथे अगदी लागू पडतं. हेच डॉक्टर दुसऱ्या वर्षी मोजले असते तर "बेरोजगार, भत्त्यावर जगणारे" म्हणून मोजले गेले असते. सातव्या वर्षी ते अतिदक्षता विभागात रात्रपाळी करत होते. मध्येच कुणी त्यांना "वर्ग पुरे, आधी हाताला काम" म्हणून भांडी घासायला लावलं असतं तर त्यांचंही नुकसान आणि रुग्णांचंही.

अक्षरवेल

बायकांबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

जर्मनीत आठ वर्षं राहिल्यानंतर निर्वासित पुरुषांत पाचांपैकी चारांहून जास्त जण कामाला असतात. म्हणजे स्थानिक पुरुषांच्या बरोबरीने, थोडे पुढेच. बायकांत हे प्रमाण तिघींत एक एवढंच. दोघं एकाच विमानाने, एकाच बोटीने आलेले. हा फरक आला कुठून?

त्यातला मोठा भाग भाषावर्गापाशी सुरू होतो. वर्ग सकाळी, बाळ घरी, पाळणाघरात जागा नाही. मग नवरा आधी वर्गाला जातो, "तुझं नंतर बघू" होतं. त्या "नंतर"मध्ये दुसरं मूल होतं. तीन-चार वर्षांनी ती वर्गात येते तेव्हा तिचे भाषावर्गाचे तास, तिच्या योजनेची मुदत, तिचा उत्साह, सगळं आटत आलेलं असतं. तोवर घरात मुलं आईची दुभाषी झालेली असतात. डॉक्टरकडे, शाळेत, घरमालकाकडे नऊ वर्षांचं पोर आईच्या वतीने बोलतं. आईच्या पोटदुखीचं वर्णन मुलीने डॉक्टरला सांगावं ही वेळच कुणावर येऊ नये.

डेन्मार्कने २०१५-१६ च्या सुमाराला आल्या दिवसापासून "तुम्ही कामाला सक्षम आहात" असं धरून चालायचं धोरण आणलं. पुरुष थोडे लवकर कामाला लागले. बायकांवर तसा परिणाम दिसला नाही. मला विचाराल तर वर्गाशेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला दोन माणसं ठेवणं हे कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. काही ठिकाणी ते होतं, आणि जिथे होतं तिथे बायका येतात.

मृण्मयी_द

अक्षरवेल, शब्दाशब्दाशी सहमत. मुलं दुभाषी म्हणून उभी राहतात ते रुग्णालयात पाहवत नाही.

सदानंद

सगळे नव्या भाषेबद्दल बोलत आहेत. पण आपल्याच लोकांच्या वस्तीत राहून, आपल्याच भाषेत काम करूनही लोक उभे राहतात. अमेरिकेत व्हिएतनामी निर्वासित बायकांनी नखं रंगवण्याच्या व्यवसायात केवढा जम बसवला. तिथे मोजक्या इंग्रजी वाक्यांवर भागायचं, परवाना परीक्षाही पुढे काही राज्यांत व्हिएतनामीत देता येऊ लागली. स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना मुद्दाम देशभर पांगवलं, म्हणजे ते एकत्र वस्ती करू नयेत आणि भाषा लवकर शिकावी. पुढे त्याच आकड्यांचा अभ्यास झाला तेव्हा उलटंच निघालं. कमी शिकलेल्या लोकांत, ज्यांच्या आसपास आपल्या देशाचे लोक जास्त होते त्यांची कमाई जास्त होती. मग भाषेचा एवढा आग्रह कशाला?

विश्वंभर

सदानंद, तो अभ्यास खरा आहे, पण त्यातली एक गोष्ट राहिली. वस्ती मोठी असून भागत नाही, वस्तीतले लोक कमावते असावे लागतात. ज्या समाजात कमाईचं प्रमाण चांगलं तिथे फायदा, नाहीतर नाही. शिवाय फायदा कमी शिकलेल्यांना दिसतो.

पांथस्थ

सदानंद, तुमचा मुद्दा पहिल्या नोकरीपुरता मला पटतो. आपल्या माणसाच्या दुकानात पहिलं काम मिळणं हा मोठा आधार आहे, त्याला कमी लेखणार नाही. प्रश्न दुसऱ्या नोकरीचा. मालक आपला, गिऱ्हाईक आपलं, भाषा आपली, मग पगार कमी दिला, ओव्हरटाइम बुडवला तर जायचं कुठे? ज्याला बाहेरची भाषा येते तो तक्रार करू शकतो, दुसरीकडे अर्ज करू शकतो. सहसा तो नोकरी सोडतही नाही, पण सोडू शकतो हे मालकाला माहीत असतं, आणि तेवढ्यानेच पगाराचं बोलणं बदलतं.

निशाद

एक मोठी गोष्ट या धाग्यात सुटते आहे. आपण जर्मनी-डेन्मार्कबद्दल बोलतोय, पण जगातल्या निर्वासितांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक शेजारच्याच देशात थांबतात, आणि बहुसंख्य कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत. तिथे ६०० तासांचा वर्ग वगैरे काही नसतं.

युगांडाचा २००६ चा कायदा निर्वासितांना काम करायची आणि फिरायची मुभा देतो, जमिनीचा तुकडाही मिळतो. पण कंपालात नोकरी हवी तर इंग्रजी किंवा लुगांडा लागते. दक्षिण सुदानहून आलेल्या शिकलेल्या माणसाला इंग्रजी शाळेतून येतं. काँगोहून आलेल्याचं शिक्षण फ्रेंचमध्ये, बोलणं स्वाहिलीत. त्याची शिक्षकाची पदवी तिथे जवळजवळ निरुपयोगी. बायका स्वाहिलीवर बाजारात कापड विकतात, तेवढं जमतं. तुर्कस्तानने जानेवारी २०१६ मध्ये सीरियनांना परवान्याची सोय केली, अटी अशा की एका ठिकाणी स्थानिक कामगारांच्या दहा टक्क्यांपर्यंतच. बहुसंख्य लोक शिलाईकाम, बांधकाम अशा बिनकागदी कामातच राहिले. तुर्की ते कामावर शिकले, वर्गात नाही. माझ्या मते जगातले बहुतेक निर्वासित असेच शिकतात, मशीनच्या आवाजात, मुकादमाच्या ओरडण्यातून.

शर्वरी

निशाद, त्या शेवटच्या वाक्यावरूनच मला "आधी काम की आधी भाषा" या वादाबद्दल लिहायचं होतं.

४ मार्च २०२२ ला युरोपीय संघाने युक्रेनियनांसाठी तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद लागू केली. अर्ज, निकाल, प्रतीक्षा काही नाही, लगेच कामाची मुभा. पोलंडमध्ये लोक भराभर कामाला लागले. पोलिश आणि युक्रेनियन एकाच कुळातल्या भाषा, शिवाय युद्धाआधीपासून तिथे लाखो युक्रेनियन कामाला होते. जर्मनीने आधी भाषावर्ग, मग नोकरी हा रस्ता धरला, त्यामुळे सुरुवातीचं प्रमाण पोलंड, डेन्मार्क, नेदरलँड्सपेक्षा बरंच कमी दिसलं. मग ओरड झाली आणि २०२३ च्या शरदात सरकारने घाई सुरू केली: मूलभूत कोर्स झाला की लगेच नोकरी, उरलेली भाषा कामावर.

डेन्मार्कमध्ये याची थेट किंमत मोजली गेली आहे. सुरुवातीलाच कामाच्या ठिकाणी पाठवलेल्यांचे कामाचे तास वाढले, पण भाषेची प्रगती मंदावली. म्हणजे दोन्ही एकदम फुकट मिळत नाही.

मला दिसतं ते असं. गोदामात रात्रपाळीला लागलेला माणूस वर्ग सोडतो. तिथे त्याच्याबरोबर त्याच्याच भाषेचे चौघं असतात. दिवसभरात त्याच्या कानावर येणारं जर्मन म्हणजे पेट्यांचे क्रमांक आणि "लवकर!" ही हाक. दोन वर्षांनी भेटला की त्याचं जर्मन पूर्वीपेक्षा वाईट झालेलं असतं. पण वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागलेली बाई सहा महिन्यांत माझ्यापेक्षा चांगली बोलीभाषा बोलते, कारण आजी-आजोबा दिवसभर तिच्याशी गप्पा मारतात. काम भाषा शिकवतं का, हे काम कुठलं यावर आहे. "काम" नावाचा एकच डबा करून धोरण आखलं की घोटाळा होतो.

डेन्मार्कमधलीच एक योजना मला पटते. २०१६ पासून तिथे दोन वर्षांचा एक करार आहे, शिकाऊ पगारावर खरी नोकरी आणि त्यातच काही आठवडे शाळा. माणूस मालकाकडे असतो आणि वर्गही सुटत नाही.

नवखी_वाचक

पहिल्यांदाच लिहिते आहे. वयाचा काही हिशेब आहे का? माझ्या ओळखीचं कुटुंब आहे, त्यात वडील पन्नाशीचे, मुलगा आठ वर्षांचा. मुलगा वर्षभरात घडाघडा बोलायला लागला, वडील अजून नमस्काराच्या पुढे जात नाहीत. त्यांना आळशी म्हणतात लोक, वाईट वाटतं.

आणि शर्वरीताई, मी पुढच्या महिन्यापासून एका वर्गात शिकवायला मदत करणार आहे. बरेच जण कामावरून दमून येतात. काय शिकवू म्हणजे त्यांना खरंच उपयोग होईल?

विश्वंभर

वयाबद्दल: लहानपणी अमेरिकेत आलेल्यांवरचा एक गाजलेला अभ्यास आहे, तो निर्वासितांपुरता नाही, सगळ्या स्थलांतरितांचा आहे. साधारण नवव्या वर्षाआधी आलेल्या मुलांचं इंग्रजी तिथे जन्मलेल्यांइतकंच होतं. त्यानंतर आलेल्यांत वयाबरोबर उतार दिसतो. मोठेपणीच्या कमाईतही फरक दिसला, आणि तो मुख्यतः लवकर आलेल्यांची शाळा जास्त झाली म्हणून. तेव्हा वडिलांना आळशी म्हणणाऱ्यांना सांगा की पन्नाशीत, डोक्यावर कर्ज आणि मागे राहिलेल्या आईची काळजी घेऊन, परकी भाषा शिकणं आणि आठव्या वर्षी मैदानात खेळता खेळता शिकणं यांची तुलनाच होत नाही.

शर्वरी

नवखी, स्वागत! तू शिकवायला जाते आहेस हे वाचून फार बरं वाटलं.

पुस्तकातला धडा क्रमाने घ्यावाच लागेल, परीक्षा त्यावर असते. पण प्रत्येक तासाची शेवटची पंधरा मिनिटं त्यांच्या कामासाठी राखून ठेव. मी काय घेते ते सांगते.

फोन. समोर माणूस असला की हातवारे करून निभावतं, फोनवर काहीच दिसत नाही आणि भले भले गडबडतात. "आज मला बरं नाही, कामावर येऊ शकत नाही, डॉक्टरचा कागद उद्या देतो" एवढं फोनवर न अडखळता बोलता आलं पाहिजे. हे न जमल्यामुळे न कळवता गैरहजर राहून नोकरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. वर्गात दोघांना पाठीला पाठ लावून बसव आणि बोलायला लाव.

पगाराची पावती. त्यांना त्यांचीच पावती आणायला सांग, नाव आणि रक्कम झाकून. कुठली कपात कराची, कुठली विम्याची, तास बरोबर लागलेत का. यात सगळे जागे होतात, कितीही दमलेले असोत.

धोक्याच्या सूचना आणि रसायनांवरच्या खुणा. सफाईच्या कामात दोन द्रावणं एकत्र करू नयेत हे लेबलवर लिहिलेलं असतं, पण वाचता यायला हवं.

"मला समजलं नाही, पुन्हा सांगा." हे वाक्य शिकवायला सोपं, म्हणायला फार अवघड. माणसं घाबरून मान हलवतात, मग चुकीचं काम होतं आणि ओरडा बसतो. वर्गात मुद्दाम भरभर बोल आणि त्यांच्याकडून हे वाक्य म्हणवून घे.

आणि त्या पन्नाशीच्या वडिलांबद्दल. त्यांचा पूर्वीचा धंदा काय होता ते विचार. आमच्याकडे असेच एक सुतार होते, नमस्काराच्या पुढे जात नव्हते. त्यांना हत्यारांची नावं, लाकडाचे प्रकार, मापं यांवरून सुरुवात करून दिली. भाषेतलं काही ओळखीचं दिसल्यावर ते बोलू लागले. व्याकरण अजून कच्चंच आहे, पण आता कार्यशाळेत मालकाला मापं सांगतात.

शेवटचं, कुणाला नोकरी लागली आणि तो वर्ग सोडायला निघाला तर अडवू नकोस, त्याला पैशांची गरज असते. फक्त संध्याकाळच्या किंवा शनिवारच्या पुढच्या पातळीच्या वर्गात त्याचं नाव त्याच दिवशी, त्याच्यासमोर नोंदवून टाक. "बघू पुढे" म्हणून गेलेले सहसा परत येत नाहीत.

नवखी_वाचक

खूप आभार ताई! पाठीला पाठ लावून फोन, हे पहिल्याच आठवड्यात करणार. त्या काकांचा पूर्वी मोटारदुरुस्तीचा व्यवसाय होता असं त्यांचा मुलगा म्हणाला होता. गाडीच्या भागांची नावं असलेला तक्ता शोधते.

पांथस्थ

तक्ता मिळाला तर इथे नक्की टाका, आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.